परवाना युरोपचा, मुक्काम खडकीचा

मला विमान चालवता येतं, ही गोष्ट युरोपला मान्य नाही. तसं त्यांनी मला अत्यंत सभ्य भाषेत कळवलं आहे. चौदा वर्षं मी पुण्याची माणसं दिल्लीला आणि दिल्लीची गुवाहाटीला नेऊन सोडली, एकदा तर एका मंत्र्याच्या मेव्हण्याला भर धुक्यात सुखरूप खाली उतरवलं. पण तो सगळा आपला घरगुती मामला. युरोपच्या नियमाप्रमाणे परदेशी परवाना म्हणजे या गृहस्थाने विमान जवळून पाहिलेलं आहे, एवढाच पुरावा. पुढचं सगळं पहिल्यापासून. तेरा विषयांची लेखी परीक्षा द्यायची, त्यांच्या डॉक्टरकडून डोळे-कान-छाती तपासून घ्यायची, त्यांचा परीक्षक शेजारी बसवून उडून दाखवायचं, आणि मुळात आपला परवाना खरा आहे हे आपल्या सरकारने त्यांच्या सरकारला परस्पर कळवायचं. याला ते लोक परवान्याचं रूपांतर म्हणतात. आमच्या शाळेत सुरवंटाचं फुलपाखरू होतं त्याला रूपांतर म्हणत. इथे फुलपाखराला धरून आणून पुन्हा सुरवंट करतात आणि म्हणतात, हं, आता हो बघू फुलपाखरू.

आमची विमान कंपनी बुडाली त्याच सुमारास माझ्या बायकोला, दीपालीला, तिच्या सॉफ्टवेअर कंपनीने व्हिएन्नाला पाठवलं. आमची मुलगी स्वराली तिच्याबरोबर गेली. मलाही जाता आलं असतं. बायकोच्या नोकरीच्या जोरावर नवऱ्याला तिथे राहायचा कागद मिळतो. पण त्या कागदावरच्या माणसाला सगळे 'डिपेंडंट' म्हणतात, आणि माझ्या खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या. मी विमानतळावर दीपालीला सांगितलं, "परवाना झाला की येतोच. तीन-चार महिन्यांचं काम."

"नक्की?"

"अगं, नुसतं कन्व्हर्जन आहे."

या वाक्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीचा आकाशकंदीलही मी एकट्याने लावला.

आमच्या खडकीच्या सोसायटीत तळमजल्यावर नागोराव राहतात. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा बेंगळुरूला. जिन्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसतात, त्यामुळे त्यांना चुकवून वर जायचं तर विमानच हवं. माझ्या हातातली फाईल पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"लायसन बदलायचंय? मग त्यात काय! आरटीओबाहेर एजंट आहे माझ्या ओळखीचा."

"नागोराव, विमानाचं लायसन आहे."

"असू द्या की. चाकं आहेत ना त्याला?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही बिगरलायसन चालवत होता तर. बरं झालं, आम्ही रेल्वेनेच फिरलो."

मग कागद सुरू झाले. दिल्लीतल्या कार्यालयाने कळवलं, आम्ही पत्र पाठवलं. व्हिएन्नाने कळवलं, आम्हाला मिळालं नाही. मी दिल्लीला फोन केला तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, "मिळालं नाही हे त्यांनी आम्हाला लेखी कळवायला पाहिजे." व्हिएन्नाचं म्हणणं, जे मिळालंच नाही त्याची पोच आम्ही देत नाही. दोघांचंही बरोबर होतं. अशा भांडणात तिसऱ्या माणसाने मरायचं असतं, तो मी.

त्यात युरोपने आणखी एक मागणी केली. माझे उड्डाणाचे तास खरे आहेत, असं माझ्या कंपनीने लॉगबुकात सही करून द्यावं. कंपनी तर राहिली नव्हती. आमचे ऑपरेशन्सचे प्रमुख सर्जेराव तेवढे होते, आणि ते आता मार्केट यार्डात सासऱ्यांच्या गुळाच्या गाळ्यावर बसत. एके काळी यांच्या एका फोनवर सहा विमानं थांबायची. मी गेलो तेव्हा ते एका टेम्पोवाल्याला मागे घेत होते.

"या कॅप्टन, या! येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे... बास! बसा की ढेपेवर."

मी ढेपेवर बसलो. माझी चौदा वर्षं त्यांनी दुसऱ्या ढेपेवर ठेवली आणि पानापानावर सही करत सुटले. मधेच हमाल "बाजू, बाजू" करत यायचे, मी लॉगबुक उचलून धरायचो, ते गेले की पुन्हा खाली ठेवायचो. बागडोगरा विमानतळाच्या, त्या मंत्र्याच्या मेव्हण्याच्या उड्डाणाच्या पानाशी सर्जेराव थांबले. "आठवतं का ओ हे? काय धुकं होतं!" म्हणाले, आणि त्या पानावर जरा मोठी सही केली. निघताना त्यांनी मला एक किलो गूळ दिला.

महिन्याने व्हिएन्नाहून पत्र. लॉगबुकाच्या काही पानांवर तपकिरी डाग आढळले आहेत, खुलासा करावा. मी खरं ते लिहिलं, की तो एक शेतीमाल आहे. त्यावर उलट टपाली विचारणा: आपण शेतावर औषध फवारणारी विमानं चालवत होतात काय? तसं असल्यास ते तास वेगळ्या प्रकारात मोजावे लागतील. गूळ म्हणजे काय, हे मी पुढे दोन पानं लिहिलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण त्या दोन पानांत माझ्या चार पट्ट्यांपैकी एक तरी नक्की जळली.

अभ्यास घरी होईना. घरात फार शांत असे. म्हणून मी मंडईजवळच्या एका अभ्यासिकेत जागा घेतली आणि रोज खडकीहून मेट्रोने जाऊ लागलो. पुण्याबाहेरच्या वाचकाला अभ्यासिका म्हणजे काय ते सांगायला हवं. एका मोठ्या खोलीत शंभरेक टेबलं, प्रत्येक टेबलाला तीन बाजूंनी प्लायवूडच्या फळ्या, एक दिवा, एक प्लग, आणि मध्ये डोकं घालून बसलेला सरकारी अधिकारी होऊ पाहणारा एक जीव. कुणी कुणाशी बोलायचं नाही, हा नियम. म्हणजे घरी मी एकटा गप्प बसत होतो, इथे शंभर जणांबरोबर गप्प बसू लागलो. त्यातल्या त्यात बरं वाटायचं.

माझ्या शेजारच्या टेबलावर वाशिमची चैताली बसे. स्पर्धा परीक्षा देऊन देऊन तिशीला आलेली मुलगी. चहाच्या टपरीवर तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काका, तुमचा कितवा अटेम्प्ट?"

"पहिलाच."

"बाप्पा! वय नाही निघून गेलं?"

मी मान ताठ करून सांगितलं, की मी विमानाचा कॅप्टन आहे आणि युरोपच्या परवान्याची परीक्षा देतो आहे. तिने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "लय अभ्यास केला की असं होते कधी कधी," ती म्हणाली आणि माझ्या चहाचे पैसे देऊ लागली. शेवटी मी मोबाईलमधला गणवेशातला फोटो दाखवला तेव्हा तिचा विश्वास बसला. लगेच पुढचा प्रश्न आला.

"पण काका, बायको तिकडं, पोरगी तिकडं, परीक्षाबी तिकडंच. मग तुम्ही इथं काहून बसले?"

हा प्रश्न मला नागोरावांनी विचारला होता, शेजारच्या अख्तरबानूंनी विचारला होता, इस्त्रीवाल्याने विचारला होता. माझ्याकडे उत्तरं भरपूर होती. घराकडे कुणीतरी बघायला हवं. कुंड्यांना पाणी घालायला हवं. अभ्यासाला शांतता लागते. हे शेवटचं मी दीपालीलाही दर फोनवर सांगत असे, आणि ती "बरं" म्हणत असे.

खरं सांगायचं तर संध्याकाळी कुलूप उघडताना मला नको वाटायचं. आत गेल्यावर दिवा मीच लावायचा, आणि सकाळी टेबलावर ठेवलेला कप तिथेच असायचा. दुसऱ्या कुणी तो हलवलेला नसायचा. एका माणसापुरती आमटी करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. कितीही कमी केली तरी ती उरते आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे बघते.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. विमानात कुठलंही काम एकटा माणूस करत नाही. एक जण यादीतलं एकेक नाव मोठ्याने म्हणतो, दुसरा ते तपासून उत्तर देतो. इंधन? पुरेसं. दारं? बंद. चौदा वर्षांत ही सवय हाडात मुरलेली. घराबाहेर पडताना मी नकळत म्हणू लागलो, "गॅस?" आणि उत्तर येईना. उत्तर आल्याशिवाय मला पुढे जाता येईना. मग मीच जरा तरुण, अदबशीर आवाज काढून म्हणालो, "बंद, सर." "गीझर?" "बंद, सर." "किल्ली?" "खिशात, सर."

झालं. को-पायलट घरात राहायला आला.

मुलगा चांगला होता. आधी विचारल्याशिवाय बोलत नसे. नंतर "सर, दूध उतू जातंय," असं सांगू लागला, आणि ते खरंच जात असे. त्याच्यावर मी एकदा ओरडलो, मग वाईट वाटलं म्हणून दोन कप चहा केला. माझी ही अवस्था मी कुणाला सांगितली नाही. यात लपवण्यासारखं काय होतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

परीक्षेला मी व्हिएन्नाला जाऊन आलो. स्वरालीने मला तिची खोली दिली आणि पाहुण्याला सांगतात तसं सगळं सांगितलं, की कुठला कचरा कुठल्या डब्यात आणि खालच्यांना आवाज जातो म्हणून दुपारी खुर्ची ओढायची नाही. तिच्या मैत्रिणी आल्या तेव्हा ती त्यांच्याशी जर्मनमध्ये खळखळून हसत होती. मी दारात उभा राहून हसलो, कशावर ते न कळता. तेरा पेपर दिले. निघताना दीपाली म्हणाली, "राहा ना आता. रिझल्ट इथेही येईल."

"कुंड्या सुकतील," मी म्हणालो.

रिझल्ट खडकीत आला. हवामान, नकाशे, इंजिनं, कायदे, उड्डाणाची तत्त्वं, अशा बारा विषयांत कॅप्टन आमोद देवस्थळी उत्तम गुणांनी उत्तीर्ण. तेराव्यात नापास. हा तेरावा विषय म्हणजे माणूस. माणूस थकतो कसा, ताणाखाली वागतो कसा, सहकाऱ्याशी बोलतो कसा. कोवळी पोरं हा पेपर बसस्टॉपवर वाचून पास होतात. मी सगळ्यात शेवटी वाचायचा म्हणून ठेवला होता. माणूस तर मी आहेच, असा माझा समज होता.

एक प्रश्न मला शब्दशः आठवत होता. अनेक दिवस आपल्याला मानसिक ताण जाणवतो आहे. आपण काय कराल? अ, सहकाऱ्याला सांगेन. ब, दुर्लक्ष करीन. क, इतर कामात मन गुंतवीन. ड, स्वतःच निभावून नेईन. मी ठामपणे 'ड' लिहिलं होतं. पुढच्या अशा सगळ्या प्रश्नांनाही 'ड'. परीक्षक माझं कौतुक करतील, अशी माझी कल्पना होती.

मी हा प्रश्न, मित्राचा म्हणून, नागोरावांना घातला.

"ड," ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "आणि 'अ' लिहिणाऱ्याला विमानाच्या शिडीवरसुद्धा चढू देऊ नये."

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "क. पण आधी विषय वार्षिक सभेपुढे यायला हवा." अख्तरबानू महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, प्रश्नपत्रिका काढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांनी प्रश्न दोनदा ऐकला. "पर्याय अपुरे आहेत," त्या म्हणाल्या. "पोटभर खाऊन झोपावं, हा कुठंय?" एकूण आमच्या सोसायटीतला एकही माणूस युरोपात विमान चालवायच्या लायकीचा निघाला नाही.

दीपालीला मी सांगितलं, रिझल्ट यायचाय. को-पायलटला ते आवडलं नाही. एका संध्याकाळी मी कांदा चिरत असताना तो म्हणाला, "सर, मॅडमना सांगून टाका."

"नाही सांगणार."

"किती दिवस लपवणार, सर?"

"तुला काय करायचंय? तू गप्प बस."

"मला बघवत नाही, सर."

नेमक्या त्याच वेळी अख्तरबानू वाटीभर कोथिंबीर मागायला दाराशी आल्या होत्या. त्यांनी सगळं स्वच्छ ऐकलं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. बेल न वाजवता त्या परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून बिर्याणीचा डबा आला. त्यात दोन माणसांचं होतं. "दोघांनी मिळून खा," असा निरोप. मी दोघांचं खाल्लं. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. घरात कुणी राहायला आलं असेल तर पोलीस पडताळणीचा अर्ज भरायला लागतो, आधार कार्डाची प्रत लागते, आपण सुशिक्षित आहात. मला दोनच मार्ग होते. घरात परका माणूस आहे हे मान्य करायचं, किंवा घरात कुणीही नाही आणि मी स्वतःशीच भांडतो हे. मी छाती काढून म्हणालो, "पाहुणा होता. गेला." आणि त्या संध्याकाळी सवयीने पुन्हा विचारलं, "गॅस?"

जिन्यात माझ्याकडे बघण्याची तऱ्हा बदलली. लोक मला नव्या आदराने वाट देऊ लागले. नागोराव तर म्हणाले, "तुमच्यात एवढी धमक असेल असं वाटलं नव्हतं." खोटं कशाला बोलू, चार दिवस मला बरंसुद्धा वाटलं. माझ्या घरात कुणीतरी आहे, असं निदान लोकांना तरी वाटत होतं.

रविवारी दुपारी दीपालीचा फोन आला.

"आमोद, घरात कोण आहे?"

"कुणी नाही. का गं?"

"अख्तरचाचींचा फोन होता. तुझ्या पाहुण्याला मटण चालतं का, विचारत होत्या. म्हणे तुला विचारलं की तू विषय बदलतोस." तिचा आवाज फार सपाट होता. "कोण आहे ती?"

"ती नाही. तो."

"तो?"

"म्हणजे मीच."

मी सगळं सांगितलं. गॅस, गीझर, किल्ली. आधी तिला पटेना. म्हणाली, करून दाखव. मी दोन्ही आवाज काढून दाखवले. ती जी हसायला लागली ती थांबेना. मीही हसलो. मग तिचं हसणं अर्ध्यातच बंद पडलं.

"रोज करतोस हे?"

"घरातून निघताना. आणि आल्यावर."

"आणि 'मॅडमना सांगा' ते काय?"

"मी नापास झालोय. एका विषयात. महिना झाला."

 मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. पुढची परीक्षा केव्हा, नवीन पुस्तक कुठलं, यावेळी कसं निभावून नेणार, सगळं मुद्देसूद. तोंडातून निघालं ते भलतंच.

"दीपा, मला इथे करमत नाही गं."

आमच्या घराण्यात हे वाक्य पुरुषाने उच्चारल्याची नोंद नाही. आई माहेरी गेली की वडील फार तर "आमटी नीट होत नाहीये" म्हणत. मला स्वतःचाच आवाज ओळखू येईना, आणि या वेळी तो को-पायलटचाही नव्हता.

तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मला वाटायचं, तुला आमच्यापेक्षा ती शांतता आवडते," दीपाली म्हणाली. "दर फोनला तेच सांगायचास. स्वरालीला मी सांगून ठेवलंय, बाबांना एकटेपणा लागतो, त्यांचा स्वभाव आहे. ती बिचारी तुला फोनसुद्धा जपून करते, तुझी शांतता मोडायला नको म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. 

"ये आता," ती म्हणाली. "राहिलेला पेपर इथून दे."

"डिपेंडंट म्हणून?" मी विचारलं. माणसाचा स्वभाव.

"नाही, मोठे वैमानिक म्हणून या! रनवे धुऊन ठेवते." मग एकदम हळू आवाजात, "आमोद, मलाही नाही रे करमत."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. अभ्यासिकेतली जागा सोडली तेव्हा चैतालीने जाताना बजावलं, "आता तिकडून वापस येऊ नका, काका." कुंड्या अख्तरबानूंनी घेतल्या. त्यांना मी खरा प्रकार सांगितला. त्या रागावल्या नाहीत. "म्हणजे बिर्याणी एकट्यानेच संपवली?" एवढंच म्हणाल्या, आणि प्रवासासाठी बांधून दिलेला डबा पुन्हा दोघांचाच होता.

निघायच्या दिवशी दोन बॅगा घेऊन जिना उतरलो. नागोराव खुर्चीत होतेच.

"झालं वाटतं लायसन?"

"नाही."

"मग चाललात कुठे?"

"घरी करमत नाही, म्हणून चाललोय."

मी थांबलो. यावर काहीतरी खवचट येणार आणि ते ऐकून घ्यायचं, अशी माझी तयारी होती. नागोरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला. मग उठले आणि मी नको नको म्हणत असताना माझी एक बॅग उचलून फाटकापर्यंत घेऊन आले. रिक्षात बॅग ठेवून त्यांनी रिक्षाचा दांडा धरून ठेवला. रिक्षावाला मागे वळून बघू लागला तरी ते सोडेनात.

"फोन करत जा," ते म्हणाले. "काम असलंच पाहिजे असं काही नाही."